एकशे नऊ वर्षांनी मांडलेली खुर्ची

'पण्णै' म्हणजे शेत, मळा. 'आळ' म्हणजे माणूस. तमिळमधले हे दोन साधे शब्द जोडले की 'पण्णैयाळ' होतो. आपल्याकडे त्याच्या जवळचा शब्द सालगडी. पण सालगडी पाडव्याला बोली करतो आणि पटले नाही तर पुढच्या पाडव्याला दुसरे घर धरतो. तंजावरच्या पण्णैयाळाला असा पाडवाच नव्हता. बाप ज्या मिरासदाराच्या शेतात राबला, त्याच्याच शेतात मुलगा राबायचा. बायको लावणीला, पोरे गुरांमागे, आणि झोपडीखालची जमीनही मिरासदाराचीच.

'मिरासदार' हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. मूळ अरबी, अर्थ वारसा. महाराष्ट्रात मिरासदार म्हणजे वंशपरंपरेने जमीन कसणारा, उपऱ्याहून वेगळा. कावेरीच्या मुखाकडच्या सुपीक पट्ट्यात तो 'काणियाच्ची' या जुन्या तमिळ शब्दाच्या जागी जाऊन बसला, आणि तिथल्या बड्या मिरासदाराचा नांगराशी फारसा संबंध उरला नाही. नांगर पळ्ळर आणि परैयर जातींच्या हातात होता. व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत तंजावरला भोसल्यांची गादी होती. या काळातही माणसे विकली जात होती, गहाण पडत होती. तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयातल्या पोथ्यांचा अभिमान मलाही आहे. म्हणूनच हे आपण मराठीत लिहिले पाहिजे असे वाटते.

गुलामगिरीवरचा कंपनी सरकारचा कायदा आला १८४३ साली. तो इतका छोटा आहे की एका पानावर मावतो. कलमे चारच. सरकारी अंमलदाराने वसुलीपोटी गुलाम माणूस किंवा त्याची सक्तीची मेहनत विकायची नाही. गुलामावरच्या मालकीचा दावा कोणत्याही न्यायालयाने ऐकायचा नाही. स्वकष्टाने किंवा वारशाने मिळालेली मालमत्ता, मिळवणारा गुलाम होता म्हणून, कोणी हिरावून घ्यायची नाही. आणि स्वतंत्र माणसाविरुद्ध जो गुन्हा, तो गुलामाविरुद्धही गुन्हाच.

हा कायदा मी जितक्या वेळा वाचतो तितक्या वेळा दुसऱ्या कलमापाशी अडखळतो. मालकाने दावा आणला तर न्यायालयाने कान बंद करायचे, एवढेच त्यात आहे. सुटलेल्या माणसाने आपले गाऱ्हाणे कुठे न्यायचे, ते नाही. धान्य मापात कमी घातले, झोपडी मोडली, आजारपणात कामावरून काढले, तर दाद कोणाकडे मागायची? भारतीय दंड संहिता १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली आणि गुलामांची खरेदी-विक्री शिक्षेला पात्र ठरली. पण ज्याला कोणी विकत नाही आणि तरीही जो कुठे जाऊ शकत नाही, अशा माणसाचे रोजचे भांडण त्यातही बसत नव्हते. उलट १८५९ चा एक कायदा मालकाला मॅजिस्ट्रेटकडे जाण्याची वाट देत होता: उचल घेऊन काम न करणाऱ्या मजुराविरुद्ध. दरवाजा होता, पण एकाच बाजूने उघडणारा.

मधली वर्षे भरभर ओलांडतो. बदल घडला तो खालून. १९४३ च्या सुमारास बी. श्रीनिवास राव हे कम्युनिस्ट कार्यकर्ते तंजावरच्या पूर्व भागात गेले. ते मूळचे दक्षिण कर्नाटकातले, जातीने ब्राह्मण, आणि परैयर वस्तीत जेवणारे. तिथे चाबकाचे फटके आणि शेण कालवलेले पाणी पाजणे या शिक्षा चालू होत्या. त्या बंद व्हाव्यात ही तिथे उभ्या राहिलेल्या संघमच्या, म्हणजे शेतकरी-मजुरांच्या संघटनेच्या, पहिल्या मागण्यांतली एक. १९४८ साली मजुरीबद्दल मायवरमचा करार झाला.

मग ऑगस्ट १९५२. मुख्यमंत्री राजगोपालाचारी. आधी वटहुकूम, त्यावरून कायदा: तंजावर कुळे आणि पण्णैयाळ संरक्षण कायदा. एका जिल्ह्यापुरता, आणि त्यातही एकाच गावात एका वेलीहून, म्हणजे सुमारे पावणेसात एकरांहून, अधिक ओलिताची जमीन असणाऱ्यांपुरता. कुळाला पिकाचे दोन पंचमांश. पण्णैयाळाला मनाला येईल तेव्हा काढता येणार नाही. आणि तंटा झाला तर तो ऐकायला समेट अधिकारी, त्याच्या निकालावर अपील महसूल न्यायालयात. १८४३ ते १९५२: एकशे नऊ वर्षांनी खुर्ची मांडली गेली.

त्या खुर्चीसमोर येणारे वाद 'मरक्काल'च्या मापाचे होते. मरक्काल हे भात मोजायचे माप. बारा मरक्कालांचे एक 'कलम', तेही मापच. पण त्याहून अवघड प्रश्न पहिलाच असे: समोर उभा असलेला माणूस पण्णैयाळ आहे की नाही? वर्षभर शेत राखणारा आणि लागेल तेव्हा कसणीची सगळी कामे करणारा तो पण्णैयाळ; रोजंदारीवर अधूनमधून येणारा नव्हे. मालक म्हणणार, हा तर फुटकळ मजूर. पण्णैयाळाकडे करारपत्र कुठले असणार? त्याचा पुरावा गावाच्या आठवणीतच असणार: रात्री पाण्याची दारे कोण धरत होता, खळ्यावर राशीशेजारी कोण झोपत होता, याची बायको कोणाच्या गोठ्यात जात होती. आजोबांची गुलामी ही जणू नातवाच्या हक्काची साक्ष झाली. पिढ्यान्‌पिढ्या एकाच घरी राबलो हे ज्याला सिद्ध करता आले, त्यालाच संरक्षण.

मिरासदारांनीही हीच फट हेरली. पण्णैयाळ ठेवणेच त्यांनी हळूहळू बंद केले आणि त्याच माणसांना रोजाने बोलावू लागले. व्याख्या उरली, तीत बसणारे कमी झाले. साखळी तुटली खरी. पण वर्षभराच्या धान्याची हमीही तिच्याबरोबर गेली, आणि भांडण मजुरीवर येऊन ठेपले. त्याच भांडणात २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री याच जिल्ह्यातल्या कीळवेण्मणी गावात मजूर कुटुंबांतली चव्वेचाळीस माणसे एका झोपडीत जाळली गेली. बहुतेक बायका आणि मुले. जमीनदार आरोपींना १९७३ साली मद्रास उच्च न्यायालयाने निर्दोष सोडले.

त्या घटनेनंतर, १९६९ साली, शेतमजुरांच्या रास्त मजुरीचा कायदा झाला. त्यात पुन्हा समेट अधिकारी होता. आता त्याला 'तू पण्णैयाळ का' हे विचारायचे नव्हते. शेतावर काम केले एवढे पुरे होते. आणि १९७१ च्या कुडियिरुप्पु कायद्याने, 'कुडियिरुप्पु' म्हणजे मजुराची राहती जागा, झोपडीखालची जमीन तिथे राहणाऱ्याच्या नावावर करून दिली. मिरासदाराला आता 'ऊठ इथून' म्हणता येईना.