उणे 40 अंशांवरचं लोखंड

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असतो. माझे प्रयोग उणे 40 वर चालतात. सुट्टीत घरी गेलो की विचारतात, "एवढं थंड कायले लागते बे?" संशोधनात यायचा विचार करत असाल, तर उत्तर तुमच्याही कामाचं आहे.

बी.एस्सी.ला मिथेनचं क्लोरिनेशन शिकलात ना? क्लोरिन वायू, प्रकाश, आणि शेवटी चार उत्पादितांचं मिश्रण. स्यूडोमोनास सिरिंजी या जिवाणूतलं सिरबी2 हे एंझाइम मात्र थ्रिओनिनच्या मिथिल गटावर नेमका एक क्लोरिन बसवतं, तोही साध्या क्लोराइड आयनातून. 2006 मध्ये त्याची स्फटिकरचना 'नेचर'मध्ये आली. अशा बहुतेक एंझाइमांत लोखंडाला दोन हिस्टिडिन आणि एक आम्लगट धरून असतात. इथे आम्लगटाच्या जागी अ‍ॅलनिन होतं. त्याला लोखंड धरता येत नाही, म्हणून रिकाम्या जागी क्लोराइड येऊन बसलेला. ऑक्सिजन आला की लोखंड +4 अवस्थेत जातं, त्याचा ऑक्सो गट हायड्रोजन ओढतो आणि उरलेल्या कार्बनवर क्लोरिन जातो.

पण शेजारीच हायड्रॉक्सिल असताना क्लोरिनच का जातो? 2009 मध्ये दिसलं की रेणू कुठे बसलाय यावर ते ठरतं. लांब साखळीचं अमिनो आम्ल दिलं, तर तेच एंझाइम हायड्रॉक्सिलही बसवतं.

प्रतिकृतींचं काम याआधीच सुरू झालं होतं. 2003 मध्ये मिनेसोटाचे लॅरी क्यू आणि सहकाऱ्यांनी +4 लोह-ऑक्सो संयुगाचे स्फटिक मिळवले, उणे 40 वर. 2007 मध्ये टेरेन्स कॉलिन्स यांच्या गटाला +5 अवस्था मिळाली, त्यासाठी उणे 60 लागलं. आणि 2014 मध्ये आपल्या पुण्यात, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, सायम सेन गुप्ता यांच्या गटाने लिगँड बदलून +5 चं संयुग खोलीच्या तापमानाला टिकवलं. सायक्लोहेक्झेनचा चिवट कार्बन-हायड्रोजन बंधही त्याने तोडला. ते हॅलोजन बसवत नाही, तरी आपल्याकडे हा पेपर जेवढा वाचला जावा तेवढा वाचला जात नाही, असं मला वाटतं. हॅलोजनचं काम क्यू यांच्याच गटाने 2016 मध्ये दाखवलं: ऑक्सो आणि क्लोराइड किंवा ब्रोमाइड एकाच लोखंडावर, आणि सायक्लोहेक्झेनचं हॅलोजनेशन.

आता माझी फजिती. माझं हिरवं द्रावण यंत्रात न्यायच्या आत पिवळं पडायचं. तीन आठवडे मी लिगँडला दोष दिला. खरं तर सिरिंज गार करायची राहून जात होती!

पण रंग टिकला म्हणजे झालं, असंही नाही. एंझाइममध्ये रेणू जागेवर धरलेला असतो. माझ्या फ्लास्कमध्ये कार्बन रॅडिकल सुटून द्रावणातल्या दुसऱ्याच रेणूकडून क्लोरिन घेऊ शकतो, आणि उत्पादित अगदी तेच दिसतं. म्हणून सध्या लोखंडावर ब्रोमाइड ठेवून क्लोरिन असलेल्या द्रावकात तीच अभिक्रिया करतोय. क्लोरिनचं उत्पादित निघालं, तर गेल्या सहा महिन्यांचे आकडे पुन्हा तपासावे लागतील.