निजण्याची जागा

मृतांविषयी एखादा समाज काय मानतो, हे त्याच्या ग्रंथांइतकेच त्याच्या दफनभूमीतही दिसते. रोमन साम्राज्यातील आरंभीच्या ख्रिस्ती लोकांनी तिला ‘कोइमेतेरिऑन’ हे ग्रीक नाव दिले. त्याचा अर्थ निजण्याची जागा. येशू मृतांतून उठला, तसे आपणही सदेह उठू, ही त्यांची श्रद्धा.

परलोकाकडे डोळे लागल्यामुळे ही माणसे इहलोकाविषयी उदास झाली काय? इतिहासाची साक्ष निराळी आहे. देह पुन्हा उठावयाचा, म्हणून कंगालाचा देहही त्यांना टाकाऊ वाटेना. इ. स. १९७ च्या सुमारास कार्थेजचा तर्तुलियन सांगतो की, मंडळीच्या निधीतून गरिबांना अन्न मिळे व त्यांचे दफनही होई. इ. स. २५० नंतर साम्राज्यात भयंकर साथ पसरली. अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिसियस लिहितो की, इतर लोक आजारी आप्तांनाही रस्त्यावर टाकीत असता ख्रिस्ती बांधव रोग्यांची शुश्रूषा करीत, मृतांचे डोळे मिटवीत, त्यांना स्नान घालीत. आणि त्यांतले कित्येक स्वतःच रोगाला बळी पडले.

हे दोघेही साक्षीदार घरचेच. तेव्हा त्यांचे म्हणणे आपण थोडे हात राखून घेऊ. परंतु सम्राट ज्युलियन हा या धर्माचा उघड विरोधक. इ. स. ३६२ च्या सुमारास एका पुरोहिताला लिहिलेल्या पत्रात त्यानेही या पंथाच्या वाढीच्या कारणांत परक्यांविषयीची दया आणि मृतांच्या थडग्यांची काळजी यांची गणना केली आहे.

श्रद्धा खरी की खोटी, याचा निवाडा इतिहास करीत नाही. मरणाचे भय ओसरलेला माणूस साथीच्या दिवसांत शेजाऱ्याच्या उशाशी बसू शकला, एवढे मात्र तो आपल्याला दाखवितो.