सतरा जखमांचा शिपाई, जो कधी जन्मलाच नाही

‘मेल शोव्हिनिस्ट’ ही शिवी आपण सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलेली असते. (काहींनी खाल्लेलीही असेल.) पण हा ‘शोव्हिनिझम’ मुळात पुरुषांबद्दलचा शब्द नाहीच. तो आहे देशाभिमानाबद्दलचा. ‘आमचा देश जगात भारी, बाकी सगळे फालतू’ असं छाती फुगवून सांगणाऱ्या माणसासाठी फ्रेंचांनी तो एकोणिसाव्या शतकात काढला. पुरुषी अहंकार त्याला खूप नंतर चिकटला.

आता शब्दकोश उघडा. बऱ्याच कोशांत एक गोष्ट सापडेल: निकोला शोव्हँ नावाचा एक फ्रेंच शिपाई होता. गाव रॉशफोर. अठराव्या वर्षी फौजेत गेला, नेपोलियनच्या सगळ्या मोहिमा लढला. अंगावर सतरा जखमा, आणि सगळ्या पुढच्या बाजूला. म्हणजे गड्याने शत्रूला पाठ दाखवलीच नाही! तीन बोटं गेली, खांदा मोडला, कपाळ फाटलं. बदल्यात काय मिळालं? मानाची तलवार, लाल फीत आणि दोनशे फ्रँक पेन्शन. एवढं होऊनही हा नेपोलियनचं नाव घेताना थकत नसे. शेवटी लोक त्याला हसायला लागले आणि त्याच्या नावाचा शब्द झाला.

गोष्ट झकास आहे. अडचण एवढीच, की हा माणूस सापडत नाही.

जेरार द प्युमेज या फ्रेंच अभ्यासकाने शोव्हँवर १९९३ साली अख्खं पुस्तक लिहिलं. त्याने लष्करी दप्तरं चाळली, पण या वर्णनाचा निकोला शोव्हँ काही हाती लागला नाही. आता तुम्ही म्हणाल, एखादा कागद हरवला असेल. होतं असं. पण नेपोलियनची फौज म्हणजे कागदांचा कारखाना होता. भरती, जखम, बढती, पेन्शन, सगळ्याची नोंद. ज्याला मानाची तलवार मिळाली आणि पेन्शनही लागली, असा माणूस दप्तरातून पूर्ण गायब होणं अवघड.

मग हा आला कुठून? माग काढत गेलं की आपण पोचतो रंगभूमीवर.

१८३१ साली पॅरिसमध्ये कोन्यार बंधूंचं एक हलकंफुलकं संगीत नाटक आलं. नाव ‘तिरंगी कॉकेड’. (कॉकेड म्हणजे टोपीवर लावायचं फितीचं फूल.) विषय ताजा होता: आदल्याच वर्षी फ्रान्सने जिंकलेलं अल्जिअर्स. त्यात शोव्हँ नावाचा एक शिपाई आहे, पण तो सतरा जखमांचा म्हातारा नव्हे. तो आहे खेड्यातून नुकताच भरती झालेला भोळा पोरगा. आपण फ्रेंच आहोत याचाच त्याला एवढा कैफ, की दिसेल त्या अरबाला बडवायला निघतो. प्रेक्षक त्याला हसत होते.

आता नीट बघा. १८३० मध्ये जो कोवळा रंगरूट आहे, तो १८१५ ला संपलेल्या नेपोलियनच्या लढायांत सतरा जखमा कशा खाईल? म्हाताऱ्या शोव्हँचं चरित्र येतं ते नंतर, १८४० च्या दशकात, एका विश्वकोशात. लिहिणारा झाक आरागो. हा गृहस्थ प्रवासी होता, नाटककार होता आणि पक्का चेष्टेखोरही. पुढे त्याने ‘a’ हे अक्षर टाळून आपलं जगप्रवासाचं वर्णन लिहून दाखवलं! अशा माणसाने दिलेल्या चरित्रावर किती विश्वास ठेवायचा ते तुम्हीच ठरवा. नंतरच्या कोशकारांनी मात्र ते जसंच्या तसं उतरवून घेतलं. युनेस्कोने आपल्या राष्ट्रगीताला जगात पहिला नंबर दिल्याचा फॉरवर्ड फॅमिली ग्रुपवर दरवर्षी येतो ना? तसंच. तपासतो कोण? ऐकायला बरं वाटतं, एवढं पुरतं.

इथपर्यंत सगळं गमतीचं आहे. माझ्यासाठी खरा प्रश्न इथून सुरू होतो. लोक शोव्हँला हसत होते, म्हणजे ते शोव्हिनिझमच्या विरोधात होते का?

त्या नाटकाचंच घ्या. अल्जिअर्स पडलं ५ जुलै १८३० ला. तेव्हा गादीवर होता शार्ल दहावा, आणि फौजेवर होतं त्याच्या बूर्बों घराण्याचं पांढरं निशाण. तिरंग्यावर तर बंदी होती. त्याच महिन्याच्या अखेरीस पॅरिसमध्ये क्रांती झाली, शार्ल पळाला आणि तिरंगा परत आला. म्हणजे राजा टाकून दिला, पण त्याने जिंकलेला मुलूख नव्या राजवटीने ठेवून घेतला. वर्षभरात रंगमंचावर त्या मोहिमेच्या टोपीला तिरंगी फूल लागलंसुद्धा! प्रेक्षक हसले ते शोव्हँच्या बावळटपणाला. अल्जिअर्स घ्यायला हवं होतं का, हा प्रश्न त्या हसण्यात कुठे होता?

प्युमेजचं म्हणणं असं, की शोव्हँ म्हणजे ‘शेतकरी-शिपाई’ या लाडक्या प्रतिमेचं गमतीदार रूप: एका हातात तलवार, दुसऱ्या हातात नांगर. ही प्रतिमा नुसती पोस्टरवर राहिली नाही. १८४० पासून अल्जीरियाचा गव्हर्नर असलेल्या ब्यूजोचं ब्रीदवाक्यच ‘तलवारीने आणि नांगराने’ असं होतं. त्याने शिपायांना तिथे जमिनी देऊन वसवायचा प्रयत्न केला. त्या जमिनी अर्थातच रिकाम्या पडलेल्या नव्हत्या. जून १८४५ मध्ये त्याच्या हाताखालच्या कर्नल पेलिसिएने दाहरा भागात गुहेत लपलेल्या उलेद रियाह टोळीला धुराने गुदमरवून मारलं. शेकडो माणसं, त्यात बायका आणि मुलंही. आरागोचा विनोदी म्हातारा शोव्हँ कागदावर अवतरला तो याच दशकात.

म्हणून मला वाटतं, की अतिरेकी अभिमानाची चेष्टा करणं आणि त्याला नकार देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कधीकधी चेष्टा सोयीची पडते. ‘आम्ही काही त्या शोव्हँसारखे नाही’ असं म्हणून माणूस निवांत होतो, आणि मुलूख घेणं चालूच राहतं. खेडवळ, अडाणी पोराला हसणं शहरी प्रेक्षकाला सोपं होतं. फौज पाठवणारे, जमिनींचे नकाशे आखणारे कुणी अडाणी नव्हते. त्यांच्या नावाचा शब्द मात्र झाला नाही. तो झाला एका नसलेल्या शिपायाच्या नावाचा.

तेव्हा पुढच्या वेळी ग्रुपवर एखाद्या काकांच्या फॉरवर्डला हसलात (मीही हसतो), तर स्वतःला एवढं विचारून बघा: आपण नेमकं कशाला हसलो? त्यातल्या विचाराला, की काकांच्या भाषेला?