कार्ल्याचा सुतार

दोन वर्षं राबून लिहिलेलं सॉफ्टवेअर कंपनीनं गेल्या महिन्यात बंद करून टाकलं. पुढच्याच रविवारी पुण्याहून सकाळची लोकल पकडली आणि मळवलीला उतरलो. डोकं फिरलं की मी कार्ल्याला जातो, ही जुनी खोड.

एकवीरेच्या दर्शनाची रांग बाजूला टाकून चैत्यगृहात शिरलात की बाहेरचा गलका एकदम मागे पडतो. सुमारे ४५ मीटर खोल दालन, इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपास सलग कातळात कोरलेलं. आता वर बघा. छताला चक्क लाकडी कमानी! कातळाच्या छताला लाकडाचा आधार कशाला? तर आधीची सभागृहं लाकडाची असत, ती सवय दगडातही सुटली नाही. आमच्या भाषेत बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी :)

मी मात्र रेंगाळतो ते ब्राह्मी लेखांपाशी. काही खांब धेनुकाकटच्या यवनांचं दान. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल तर म्हणतो, हे लेणं अख्ख्या जंबुद्वीपात उत्तम (मार्केटिंग तेव्हाही होतंच!). आणि दाराशी एक छोटासा लेख: हे दार केलं धेनुकाकटच्या सामी सुतारानं, वेणुवासाच्या मुलानं. धेनुकाकट नेमकं कुठलं, यावर अभ्यासक अजून भांडतायत. सामीचं नाव मात्र जागेवर आहे.

त्या दारात बराच वेळ उभा होतो. मागून एक काकू म्हणाल्या, "अहो दादा, सरका की जरा, फोटो काढायचाय."

सरकलो.