मौनाचे मोल

अमेरिकन लेखिका रेचेल कार्सन यांना १९५१ सालच्या ‘द सी अराउंड अस’ या सागरावरील ग्रंथाने कीर्ती मिळवून दिली. पुढे डीडीटीसारख्या कीटकनाशकांच्या दुष्परिणामांवर त्या लिहीत असताना, १९६० साली त्यांना स्तनाच्या कर्करोगाने गाठले. हे दुखणे त्यांनी जगापासून लपविले. नाहीतर रसायनांचे कारखानदार म्हणाले असते, ही बाई आपल्या व्याधीचा सूड उगवीत आहे! शस्त्रक्रिया व किरणोपचार सोशीत १९६२ साली त्यांनी ‘सायलेंट स्प्रिंग’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, १९६३ साली सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली आणि १४ एप्रिल १९६४ रोजी, अवघ्या ५६ वर्षांच्या असताना, त्या निवर्तल्या. १९७२ साली अमेरिकेत शेतीतील डीडीटीवर बंदी आली. पुरावा निष्कलंक राहावा म्हणून सहानुभूतीवर पाणी सोडणारा लेखक विरळाच!