रोजा आणि सवलत

हिजरी सनाच्या दुसऱ्या वर्षी, म्हणजे इ. स. ६२४ मध्ये, मदिनेतील मुस्लिम समाजावर रमजानचे रोजे बंधनकारक झाले. ज्या कुराणवचनांनी ही आज्ञा दिली, त्यांनीच आजारी माणसाला व प्रवाशाला सूटही दिली. चुकलेले रोजे पुढे भरून काढावेत. ज्याला ते झेपणारच नाहीत त्याने गरिबाला जेवू घालावे. आज्ञा आणि सवलत अशी जोडीनेच आली, हे आम्हांस फार मोलाचे वाटते.

हिजरी वर्ष ३५४ दिवसांचे आणि त्यात अधिक मास नाही. त्यामुळे रमजान सुमारे ३३ वर्षांत सर्व ऋतूंतून फिरतो. उपवासाच्या पहिल्या तासांत यकृतातील साखरेचा साठा कामी येतो. मग शरीर चरबीकडे वळते. निरोगी माणसाला हे सोसते. वजन थोडे उतरते. पण बहुधा काही आठवड्यांत पुन्हा चढते. येथे दोष रोजाचा नसून सवयींचा असतो. सहेरी उशिरा, पहाटेच्या तोंडावर घ्यावी आणि खजूर व पाणी घेऊन रोजा सोडावा, ही परंपरेची शिकवण. प्रत्यक्षात पुष्कळ घरी सहेरी चुकते, रात्रीची झोप मोडते आणि इफ्तारला तळलेले पदार्थ व गोड सरबते यांची रेलचेल होते.

मधुमेही माणसाची गोष्ट याहून गंभीर आहे. १९९४ साली कासाब्लांका येथे रमजान व आरोग्य या विषयावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. पुढे २००१ मध्ये १३ देशांतील बारा हजारांहून अधिक मधुमेहींची पाहणी झाली. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहींपैकी सुमारे ७९ टक्के लोकांनी किमान १५ रोजे धरले होते. गोळ्या घेणाऱ्यांपैकी जेमतेम चौथ्या हिश्शाने औषधाची मात्रा बदलली होती. रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरण्याचे प्रसंग त्यांच्यात इतर महिन्यांच्या सातपटींहून अधिक घडले. २०१६ साली तज्ज्ञांनी मार्गदर्शिका काढली : रमजानपूर्वी वैद्यकीय सल्ला घ्यावा, साखर ७० च्या खाली उतरल्यास रोजा तत्काळ सोडावा, आणि बोट टोचून रक्त तपासल्याने रोजा मोडत नाही.

सवलत असूनही आजारी माणूस ती का घेत नाही? आम्हां ख्रिस्ती लोकांना हा प्रश्न परका नाही. प्राचीन ख्रिस्तसभेत प्रायश्चित्तकाळाचा उपवास सायंकाळीच सुटत असे. मध्ययुगात ती वेळ हळूहळू दुपारवर आली. १९६६ मध्ये पोप पॉल सहावे यांनी बंधनकारक उपवास राखेचा बुधवार व शुभ शुक्रवार एवढाच ठेवला. आजाऱ्यांना सूट आहेच. तरीही आमच्या धर्मग्रामातील एखाद्या आजारी वृद्धेला, ‘बाई, तुम्ही उपवास करू नका’ असे सांगितले की तिचे डोळे भरून येतात. आपण भक्तांच्या पंगतीतून उठवले गेलो, असे तिला वाटते. ही व्यथा गोळ्यांनी शमत नाही. तेथे धर्मगुरूनेच बोलावे लागते. मशिदीत मौलवींनी, चर्चमध्ये आम्ही.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ मध्ये मुस्लिम बांधवांच्या प्रार्थनेचा, दानधर्माचा व उपवासाचा आदराने उल्लेख केला. त्या आदरात त्यांच्या सवलतीचाही आदर यावा. निरोग्याने अन्न दूर सारणे ही जशी उपासना, तसे आजाऱ्याने वेळेवर औषध घेऊन दोन घास खाणे हेही आज्ञापालनच होय.