घरचा नवा लॅपटॉप : प्रत्येकाचे खाते वेगळे

लॅपटॉप एक आणि वापरणारे चार-पाच, ही स्थिती आपल्या मंडळाच्या बहुतेक कुटुंबांत आहे. विंडोज १० ची नियमित मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, तेव्हापासून अनेक सभासदांनी जुने यंत्र बदलले. नव्या यंत्राला हळदकुंकू लागते, पेढे वाटले जातात आणि दुकानातला मुलगा ‘काका, सगळं चालू करून दिलंय’ म्हणून निघून जातो. त्याने उघडून दिलेले असते एकच खाते. मग त्याच एका खात्यावर आजोबांची पेन्शन, सूनबाईंचे ऑफिस, नातवाचे गेम आणि आजींचा स्मरणिकेचा मजकूर, सगळे एकत्र नांदू लागते. असे करू नये, प्रत्येकाचे खाते वेगळे असावे. ते का आणि कसे, हे सभासदांच्या माहितीसाठी येथे एकत्र दिले आहे. माहिती विंडोज ११ ची आहे, कारण इंदूरच्या आमच्या घरात आणि ओळखीच्या बहुतेक घरांत तेच आहे.

खाते वेगळे म्हणजे नेमके काय वेगळे

विंडोजमध्ये प्रत्येक खात्याला स्वतःचे डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स आणि डाउनलोड्स हे फोल्डर मिळतात. ब्राउझरमधला इतिहास आणि साठवलेले पासवर्डही खात्यागणिक वेगळे राहतात. कीबोर्डची भाषा आणि अक्षरांचा आकार हेही ज्याचे त्याला ठरवता येते. लॅपटॉप एकच, पण प्रत्येकाला स्वतःचे कपाट मिळते.

आम्ही हे काढले तेव्हा सौ. म्हणाल्या, “अहो, घरातल्याच माणसांना कुलपं कशाला लावता?” प्रश्न रास्त होता. बँकेत तिजोरीच्या किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे असतात. दोघे मिळून आल्याशिवाय तिजोरी उघडत नाही. त्यात कोणाचा अपमान नसतो. उलट उद्या काही कमी-जास्त झाले, तर दोघांपैकी कोणावरही उगाच बोट दाखवले जात नाही. घरच्या लॅपटॉपचेही तसेच आहे. फाइल कोणी पुसली, हा गेम कोणी घातला, यावरून होणारी निम्मी भांडणे खाती वेगळी केल्यावर आपोआप थांबतात.

प्रशासक आणि सामान्य

खाती दोन प्रकारची असतात : ॲडमिनिस्ट्रेटर म्हणजे प्रशासक आणि स्टँडर्ड युजर म्हणजे सामान्य. प्रशासकाला नवे सॉफ्टवेअर घालणे, सर्वांना लागू होणारी सेटिंग्ज बदलणे, दुसऱ्याचे खाते उघडणे किंवा काढणे हे सर्व करता येते. सामान्य खात्यावर रोजची सर्व कामे होतात. मात्र संपूर्ण यंत्रावर परिणाम करणारे काही करायला गेले, की विंडोज प्रशासकाचा पासवर्ड किंवा पिन मागते.

बँकेत क्लार्कने नोंद करायची आणि अधिकाऱ्याने पास करायची, तीच ही पद्धत. एखादा फसवा प्रोग्राम चुकून उघडला गेला, तर प्रशासकाच्या खात्यावर तो सगळ्या यंत्रात हातपाय पसरू शकतो. सामान्य खात्यावर त्याला बरीच आडकाठी होते. म्हणून प्रशासकाचे खाते रोज वापरू नये. ज्याच्या हाती ते आहे, त्यानेही रोजच्या कामासाठी स्वतःचे वेगळे सामान्य खाते ठेवावे. आम्ही तसेच केले आहे.

ऑनलाइन खाते की स्थानिक खाते

मायक्रोसॉफ्ट खाते ई-मेलशी जोडलेले असते. स्थानिक खाते फक्त त्या लॅपटॉपपुरते असते. विंडोज ११ च्या होम आवृत्तीत पहिल्यांदा यंत्र सुरू करताना इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्ट खाते लागते. पुढची खाती मात्र स्थानिक ठेवता येतात.

येथे पहिली सावधगिरी. पहिले खाते ज्या ई-मेलने उघडले जाते, तेच प्रशासक होते. ते दुकानदाराच्या किंवा पुढे परगावी जाणाऱ्या मुलाच्या ई-मेलवर उघडू देऊ नका. घरात कायम राहणाऱ्या जबाबदार व्यक्तीचा ई-मेल द्या आणि शक्यतो ही पायरी घरी येऊन स्वतः करा.

खाते उघडण्याची कृती

१. प्रशासकाच्या खात्यातून स्टार्ट → सेटिंग्ज → अकाउंट्स → अदर युजर्स येथे जावे आणि ‘ॲड अकाउंट’ दाबावे.

२. ई-मेल विचारला जातो. स्थानिक खाते हवे असल्यास ‘आय डोन्ट हॅव धिस पर्सन्स साइन-इन इन्फर्मेशन’ निवडावे आणि पुढच्या पडद्यावर ‘ॲड अ युजर विदाउट अ मायक्रोसॉफ्ट अकाउंट’ निवडावे.

३. नाव रोमन लिपीत आणि छोटे द्यावे. याच नावाने त्या व्यक्तीचा फोल्डर तयार होतो आणि काही जुन्या प्रोग्रामना देवनागरी नावाचा फोल्डर चालत नाही.

४. पासवर्ड दिल्यावर तीन सुरक्षा प्रश्न येतात. पहिली शाळा कोणती, जन्म कोणत्या गावी, लहानपणी लाडाने काय म्हणत, अशा धर्तीचे हे प्रश्न असतात. आपल्या समाजात यांची उत्तरे अर्ध्या मंडळाला पाठ असतात! म्हणून खरे उत्तर न देता आपल्यालाच माहीत असलेला एखादा शब्द द्यावा आणि तो लिहून ठेवावा.

५. नवे खाते सामान्य प्रकारचेच उघडते. खात्री करायची असल्यास त्या नावावर दाबून ‘चेंज अकाउंट टाइप’ पाहावे.

६. त्या व्यक्तीने एकदा स्वतः साइन-इन करावे. पहिल्या वेळी थोडा वेळ लागतो. पिन ठेवायचा असल्यास सेटिंग्ज → अकाउंट्स → साइन-इन ऑप्शन्स येथे ठेवावा. हा पिन फक्त त्याच लॅपटॉपवर चालतो. एटीएमचा पिन येथे मुळीच वापरू नये.

उठून जाताना विंडोजचे चिन्ह असलेली कळ आणि एल ही कळ एकत्र दाबावी. पडदा कुलूपबंद होतो आणि दुसऱ्याला आपल्या खात्यात जाता येते. पहिल्याचे काम मागे उघडे राहते, म्हणून दुसऱ्याने यंत्र बंद करण्यापूर्वी विचारावे. विंडोजही ‘अजून कोणी वापरत आहे’ अशी सूचना देते. ती वाचावी.

सर्वांना हवी असलेली एखादी फाइल, उदाहरणार्थ कुळाचाराची यादी, यूजर्स फोल्डरमधल्या पब्लिक या फोल्डरात ठेवता येते. तेथे मूळ न ठेवता नक्कलच ठेवावी. पाहुण्यांसाठीही एक सामान्य खाते असावे. भाचेमंडळी दिवाळीत येतात तेव्हा ते फार उपयोगी पडते.

मुलांसाठी

मुलाला मायक्रोसॉफ्ट खाते काढून कुटुंबाच्या गटात जोडले, तर फॅमिली सेफ्टी या सोयीतून रोजचा वापराचा वेळ ठरवता येतो आणि नको ती संकेतस्थळे अडवता येतात. संकेतस्थळांची ही गाळणी एज या ब्राउझरवर चालते आणि ती सुरू असताना नेहमीचे इतर ब्राउझर अडवले जातात. मुलाला हे आधी सांगावे. लपूनछपून लावलेली बंधने मुले दोन दिवसांत ओळखतात आणि मग भरवसा जातो.

आजी-आजोबांसाठी

वेगळ्या खात्याचा खरा फायदा आम्हाला सौ.च्या खात्यात दिसला. सेटिंग्ज → ॲक्सेसिबिलिटी → टेक्स्ट साइज येथे अक्षरे मोठी केली. टाइम अँड लँग्वेज → लँग्वेज अँड रीजन येथे मराठी भाषा जोडली. विंडोजमध्ये मराठीसाठी इनस्क्रिप्ट हा सरकारी प्रमाण कळफलक आहे आणि रोमन अक्षरांवरून मराठी उमटवणारा फोनेटिक कळफलकही आहे. विंडोजची कळ आणि स्पेस एकत्र दाबली, की भाषा बदलते. आता नातवाच्या इंग्रजीला धक्का न लावता स्मरणिकेचे लेख मराठीत टाइप होतात.

पाकीट

बँकेच्या शाखेत किल्ल्यांचा दुसरा जोड मोहोरबंद पाकिटात दुसऱ्या शाखेत ठेवतात. घरीही असे एक पाकीट करावे. त्यात प्रशासकाचा ई-मेल, पासवर्ड, सुरक्षा प्रश्नांची उत्तरे आणि रिकव्हरी की लिहून ठेवावी.

ही रिकव्हरी की बहुतेकांना माहीत नसते. अनेक नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन केल्यावर डिस्कवरची माहिती आपोआप सांकेतिक रूपात जाते. पुढे दुरुस्तीनंतर किंवा काही बिघाडाने यंत्र ४८ अंकी की मागू शकते. ती मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर आपल्या खात्यात साठवलेली असते. पहिले खाते दुसऱ्याच कोणाच्या ई-मेलवर असेल, तर ती कीही त्याच्याकडेच राहते. ती न मिळाल्यास यंत्र पुन्हा सुरू करता येईल, पण आतली माहिती गेली असे समजावे.

पाकीट कपाटात ठेवावे आणि घरातल्या दोघांना त्याची जागा माहीत असावी. एकालाच माहीत असेल आणि तोच आजारी पडला किंवा राहिला नाही, तर बाकीच्यांनी काय करायचे? खात्याला नॉमिनी हवा, हे आम्ही ग्राहकांना वर्षानुवर्षे सांगत आलो. तेच येथेही लागू आहे.

खाते काढून टाकताना

ही आमची स्वतःची चूक आहे, म्हणून मोकळेपणाने सांगतो. जुन्या लॅपटॉपवर धाकट्या चिरंजीवांचे खाते होते. ते नोकरीसाठी हैदराबादला गेल्यावर, आता याचा काय उपयोग, असे म्हणून आम्ही ते काढून टाकले. पडद्यावर ‘डिलीट अकाउंट अँड डेटा’ असे स्पष्ट लिहिले होते. सही करण्यापूर्वी वाचा, असे लोकांना सांगण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्या आम्ही ते वाचले नाही. आईच्या सहस्रचंद्रदर्शनाचे फोटो त्याच्याच पिक्चर्स फोल्डरात होते. काही फोटो नातेवाइकांच्या फोनमधून परत मिळाले. आई जात्यावरच्या ओव्या म्हणते आहे, तो छोटा व्हिडिओ मात्र कोणाकडेच नव्हता. आई आता नाही. चिरंजीव एका शब्दाने बोलले नाहीत, ते जास्त लागले.

म्हणून नियम असा : ज्याचे खाते आहे त्याला विचारल्याशिवाय ते काढू नये. काढण्यापूर्वी त्याचे सर्व फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावेत आणि तिथून उघडून पाहावेत. वेगळे खाते म्हणजे सुरक्षित प्रत नव्हे. डिस्क बिघडली तर सगळ्यांची खाती एकदमच जातात. तसेच प्रशासक मनात आणल्यास इतरांचे फोल्डर उघडू शकतो, हेही घरातल्या सर्वांना माहीत असावे. ज्याच्या हाती ते अधिकार आहेत, त्याने ते विश्वस्तासारखे सांभाळावेत.

नवा लॅपटॉप घरात आला, की पहिल्याच रविवारी सर्वांनी एकत्र बसावे. पाच जणांची खाती तासाभरात उघडून होतात. पाकीटही त्याच दिवशी भरावे, ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणून ठेवू नये.